बावीस तासांवरचा आवाज

संगणकाला विचारलं तर तो सांगतो, ऑकलंड ते मुंबई हे हवाई अंतर बारा हजार किलोमीटरांच्या थोडं वर आहे आणि सरळ उडालं तर पंधरा-सोळा तासांत पोचता येईल. यावर विसंबून कोणी पाहुण्यांना वेळ कळवू नये. असं सरळ उडणारं विमान मला तरी मिळालं नाही. मध्ये सिंगापूरला उतरावं लागतं, तिथल्या गालिच्यांवर तीन-चार तास पाय ओढावे लागतात. ऑकलंडच्या विमानतळात शिरल्यापासून मुंबईच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत बावीस तास धरावेत. हा आकडा मला पाठ आहे, कारण जवळजवळ वर्षभर दर रविवारी मला कोणीतरी तो विचारत होतं.

‘कोणीतरी’ असं आज ऑकलंडला परत आल्यावर लिहिते आहे. तेव्हा मी म्हणायचे, ताई विचारते.

कुसुमताई माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. परळच्या एका हॉस्पिटलात तिने उभं आयुष्य नर्स म्हणून नोकरी केली. लग्न केलं नाही. आईवडिलांच्या मागे चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची आमची खोली तिच्याकडे राहिली. तिच्याबरोबर शेवंती राहायची. ती त्याच हॉस्पिटलातली आया, मूळची मालवणकडची, नवऱ्याने टाकलेली. सहा वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हा दहा दिवसांत तिचा आवाज मी जेमतेम दोनदा ऐकला असेन. पाण्याचा तांब्या ठेवायची आणि मोरीपाशी जाऊन बसायची.

मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेले. पुढे नवरा वारला, मुलगा नोकरीसाठी वेलिंग्टनला गेला, पण ताईला रविवारचा फोन चुकला नाही. माझ्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे दुपारचे दोन. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. “माझं तोंड बघून काय करायचंय तुला?” म्हणून तिने दुसरा घेतलाच नाही.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किमो. त्या महिन्यांत रविवारच्या वीस मिनिटांवर मी आठवडा ढकलायचे. ताईचा आवाज जरा मऊ झाला होता. बोलता बोलता घसा खाकरायची तिची सवय सुटली होती. आणि ती मला झापत नव्हती. पूर्वी फोन उचलला की, “जेवलीस का? खोटं बोलू नकोस,” अशी सुरुवात व्हायची. आता ती नुसती ऐकून घ्यायची. फोन ठेवण्याआधी मात्र न चुकता विचारायची, “नंदे, तिकडून इकडे यायला किती तास लागतात गं?”

“बावीस, ताई. गेल्या रविवारीपण सांगितलं ना.”

“बावीस,” ती पुटपुटायची. “म्हणजे आज निघालीस तर उद्या.”

वय झालं, विसरते, असं मी धरून चालले. माणूस स्वतः आजारी असला की दुसऱ्याबद्दल सोयीचं तेवढंच ऐकतो.

तिसऱ्या किमोनंतरच्या रविवारी मी तिच्याशी जे बोलले ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी लग्न करून परदेशात निघून गेले. पुढची चार वर्षं ताईने एकटीने काढली, नोकरी सांभाळून. “मी तुला टाकून पळाले, ताई,” मी म्हणाले आणि मला रडू आवरेना. पलीकडून आवाज आला, “मी कधी मनात ठेवलं नाही, नंदे. झोप आता.” कित्येक महिन्यांनी मी सलग झोपले.

या जानेवारीत रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर मी तिकीट काढलं आणि ताईला कळवलं नाही. तिच्या तोंडावरचा आनंद मला बघायचा होता.

वाटेत

सिंगापूरनंतर शेजारच्या सीटवर एक रत्नागिरीचे गृहस्थ आले. जहाजावर इंजिनाचं काम करणारे. मी मराठी मासिक काढलं तशी त्यांची गाडी सुरू झाली.

“घरी कोण असतं?”

“मोठी बहीण.”

“न्यायला येणार?”

“तिला माहीतच नाही. सरप्राइज.”

ते हसले नाहीत. “मी एकदा केलं होतं असं,” ते म्हणाले. “न सांगता गेलो घरी. नंतर कधी केलं नाही. घरातल्या माणसालापण वेळ लागतो हो तयार व्हायला.” काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. खिडकीची झडप ओढली आणि डोळे मिटून घेतले. मला उगाच थंडी वाजली. मी ताईसाठी घेतलेली लोकरीची शाल काढायला वरची बॅग उघडली तर ऑकलंडच्या विमानतळावर घेतलेली फेजोआच्या जॅमची बाटली फुटून शालीभर पसरली होती. फेजोआ म्हणजे आमच्या तिकडचं पेरूसारखं फळ. हवाईसुंदरीने ओल्या कागदांचा गठ्ठा दिला आणि मी मुंबई येईपर्यंत शाल पुसत बसले.

परळ, रविवारी दुपारी

टॅक्सीवाला म्हणाला, “परळमध्ये कुठं? आता परळपण चार झालेत.” त्याचं खरं होतं. जिथे गिरणीची भिंत होती तिथे काचेचा मॉल, त्याच्या मागे मान मोडेल एवढे टॉवर. जुनी चिमणी तेवढी ठेवली आहे, खाली रोषणाई करून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो दोनदा पुढे गेला, कारण मीच ओळखली नाही.

चाळ मात्र होती. पुनर्विकासाचं ठरलंय, अर्धी बिऱ्हाडं आधीच गेलीत. पूर्वी या वेळेला गॅलरीत पापड, पोरं, तांदूळ निवडणाऱ्या बायका, सुकटाचा वास असं सगळं असायचं. आता प्रत्येक दाराला लोखंडी जाळी आणि बऱ्याच जाळ्यांना कुलूप. ऑकलंडमध्ये आमच्या रस्त्यावरही दुपारी चिटपाखरू नसतं, पण तिथली शांतता पहिल्यापासूनची आहे. इथली माणसं निघून गेल्यानंतरची होती. जिना चढताना माझ्याच बॅगेची चाकं प्रत्येक पायरीवर आपटत होती आणि कोणीही दार उघडून “कोण?” विचारलं नाही.

आमच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. घड्याळात दोनला पाच मिनिटं. म्हणजे ताई आत फोनची वाट बघत असणार. मला गंमत सुचली. मी दाराबाहेर उभी राहूनच तिचा नंबर लावला.

आत घंटी वाजली. दोनदाच.

“हॅलो, नंदे?” माझ्या कानाशी ताईचा आवाज आला. आणि तोच आवाज, किंचित आधी, लाकडी दारातून आला.

“ताई, काय करतेस?”

“बसलेय खिडकीत. आज उशीर नाही केलास. औषध घेतलंस?”

मी हसू दाबत गॅलरीच्या खिडकीशी सरकले. अर्धा पडदा होता, वरून आतलं दिसत होतं. खिडकीत कोणी बसलेलं नव्हतं. खोलीच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून, एक सडपातळ बाई उभी होती. ताई अंगाने भरलेली. ही बाई भिंतीकडे तोंड करून, फोन दोन्ही हातांनी धरून उभी होती. भिंतीवर ताईचा मोठा फोटो होता, त्याला पांढऱ्या फुलांचा हार.

“नंदे? ऐकतेस ना?” ती बाई फोटोकडे बघत ताईच्या आवाजात म्हणाली. “गप्प का गं?”

मी फोन कानाशी तसाच घट्ट धरला.

“आवाज येत नाहीये तुझा. बरी आहेस ना? नंदे, किती तास लागतात गं तिकडून—”

माझ्या हातातली बॅग पडली. तिने वळून पाहिलं. ती शेवंती होती.

आम्ही दोघी काचेच्या दोन बाजूंना फोन कानाला लावून उभ्या होतो. कोणी ठेवला आधी, मला आठवत नाही. तिने दार उघडलं, मला पाहिलं, आणि जमिनीवर बसली.

बॅगेचा आवाज ऐकून दोन दारं सोडून राहणाऱ्या सुलभावहिनी आल्या. “नंदा? तू?” त्यांनी मला धरलं. “अगं, आता येतेयस? मार्चमध्ये गेली ना ताई. अकरा महिने झाले. शेवंती म्हणाली तुला कळवलंय, पण ऑपरेशनमुळे येता येत नाही.”

मी दर रविवारचा हिशेब मनात लावू लागले आणि अर्ध्यावर सोडून दिला.

सोमवार

सगळं एका दिवसात कळलं नाही. शेवंती आधी बोलेचना. मी चिडले, ओरडले, सख्ख्यासारखं नातं सांगणाऱ्या चाळीतल्या कोणालाच माझा नंबर का नव्हता म्हणून सुलभावहिनींवरही ओरडले. त्यांनी गुपचूप डाळभात आणि सुक्या जवळ्याची चटणी आणून ठेवली. तिकडे माझा नवरा वारला तेव्हा शेजाऱ्यांनी कार्ड पाठवली होती आणि दारात झाकलेला डबा ठेवून घंटी न वाजवता निघून गेले होते. इथे वहिनी मी पहिला घास घेईपर्यंत समोर बसून राहिल्या.

सकाळी जॅमची शाल धुवायला घेतली. शेवंती न विचारता दुसऱ्या टोकाला आली, आणि पिळता पिळता खाली मान घालून बोलायला लागली. हलक्या, घोगऱ्या, अर्धवट आवाजात.

ताईला न्यूमोनिया झाला होता. तीन दिवस. ताईच्याच हॉस्पिटलात, ताईच्याच वॉर्डात. दुसऱ्या दिवशी ताई तिला म्हणाली, “नंदा ऑपरेशनच्या टेबलावर आहे. ती उभी राहीपर्यंत तिला काही कळवायचं नाही. शपथ आहे.”

“मग रविवार आला,” शेवंती म्हणाली. “फोन वाजला. मी उचलला. ताई बरी नाही, झोपलीय, असं काहीतरी सांगणार होते. तुम्ही म्हणालात, ‘ताई?’ एवढा बारीक आवाज होता तुमचा. वॉर्डात मरायला टेकलेल्या पोरी हाक मारतात तसा. आणि माझ्या तोंडून आलं, ‘हं, बोल नंदे.’”

“माझ्या तोंडून आलं,” तिने पुन्हा सांगितलं. “मी आणलं नाही.”

चौदा वर्षं एका खोलीत राहून तिला ताईचा शब्द न् शब्द पाठ होता. मी बरी झाले की सांगायचं, असं दर रविवारी ठरवायची. “आणि तास का विचारायचीस?” मी विचारलं.

“घाबरायचे. तुम्ही निघालात तर माझ्याकडे किती वेळ उरतो ते.”

मी शाल वाळत टाकली. राग कुठे ठेवायचा ते मला समजत नव्हतं. त्याच आवाजाने मला जगवलं होतं, हे मी नाकारू शकत नव्हते.

हिंदमाता

मंगळवारी विहारात ताईच्या नावाने वंदना ठेवली. माझ्या बॅगेत पांढरी साडी नव्हती, म्हणून आम्ही दोघी हिंदमाताला गेलो. ताई वॉर्डातल्या आयांसाठी दिवाळीच्या साड्या जिथून घ्यायची त्या छोट्या दुकानात शेवंतीने नेलं. म्हातारे दुकानदार गादीवर खाली बघत घड्या घालत होते. मी भाव करण्यात कच्ची. शेवंतीच पुढे झाली.

“जरा हलक्या काठाची दाखवा. आणि मागच्यासारखी खळ लावलेली नको,” ती म्हणाली.

दुकानदारांनी मान वर न करताच म्हटलं, “या या, कुसुमताई! किती दिवसांनी! मला वाटलं रागावलात की काय.”

म्हाताऱ्यांनी वर पाहिलं. आमच्या दोघींच्या तोंडांवरून नजर फिरवली, मग आमच्या मागे, दुकानाच्या दाराकडे पाहिलं, ताई तिथे उभी असेल म्हणून. “आत्ता बोलल्या ना त्या?” त्यांनी विचारलं. शेवंतीने तोंडावर पदर दाबला होता.

परतताना ती म्हणाली, “भाजीवाल्याशी बोलतानापण तसंच येतं. आधी फक्त फोनवर यायचं.” मग म्हणाली, “माझा आवाज कसा होता ते मला आठवत नाही.”

हे तिने ताईच्या आवाजात सांगितलं. उन्हात, दुकानांच्या गर्दीत, चार हात अंतरावर चालत असताना. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं नाही तर ताई बरोबर चालत होती. मला ते आवडत होतं, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. घरापर्यंत मी तिला मुद्दाम काहीबाही विचारत राहिले, उत्तरं येत राहावीत म्हणून.

विहारातून आल्यावर मात्र मला राहवेना. “तिसऱ्या किमोनंतर मी आईबद्दल बोलले होते,” मी म्हणाले. “तू म्हणालीस, मनात ठेवलं नाही. ताई तुला असं बोलली होती कधी?”

ती खोटं बोलू शकली असती. त्या क्षणी मी त्याचीच वाट बघत होते.

“नाही,” ती म्हणाली. “त्याबद्दल ताई कधी काही बोललीच नाही. मनात होतं की नव्हतं, मला नाही माहीत.”

“मग कुठल्या हक्काने सांगितलंस मला?”

“तुम्ही रडत होतात. रडणाऱ्या माणसाला मी वॉर्डात कधी ताटकळत ठेवलं नाही.”

मी उठून गॅलरीत गेले. समोरच्या टॉवरच्या काचांत आमची चाळ दिसत होती, अंधारलेल्या खोल्यांची रांग आणि मध्ये आमचा एक दिवा. ताईने मला माफ केलं होतं की नाही, हे मला यापुढे कधीच कळणार नव्हतं. ज्या बाईने केलं तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी मी झोपले होते. बरीही झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी चाळीच्या कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि खोलीत शेवंती राहील, नवीन इमारतीत जागा मिळेल तीही तिच्यासाठी, असं लिहून सही करून दिलं. त्यांनी चष्म्यातून बघून विचारलं, “या तुमच्या कोण?” “घरच्या,” मी म्हणाले.

शिवडी

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शिवडीला गेलो. आमचे वडील तिथल्या एका गोदामात हमालीला होते. लहानपणी ताई मला डबा पोचवायला बरोबर न्यायची. तिथे आता लोक रोहित पक्षी बघायला येतात. जेट्टीवर दोन मुली मोठे कॅमेरे घेऊन उभ्या होत्या. ओहोटी होती. पाणी खूप दूर गेलेलं, मैलभर काळा चिखल, त्यावर गुलाबी रेघ. ती रेघ मधूनच हलायची तेव्हाच कळायचं की पक्षी आहेत. कुठेही आवाज नव्हता. जुनी जहाजं चिखलात कलंडून पडली होती.

शेवंतीने नाक वर करून वास घेतला. “आमच्या खाडीक असोच वास येता,” ती म्हणाली. “ओहोटी लागली काय कुर्ल्यो धावतत चिखलात.”

मी चमकून वळले. हा आवाज मी ओळखत नव्हते. जाड, खालचा, शब्दाच्या शेवटी हेल काढणारा. तिलाही कळलं असावं. तिने गळ्याला हात लावला.

“गावी कोण आहे तुझं?”

“दादा. वहिनी.” पुन्हा ताईचा आवाज. “चौदा वर्षं झाली. ताईकडे राहायला आले तेव्हा दादा म्हणाला, त्यांच्या घरचं जेवतेस तर तिकडेच राहा. आमच्या चुलीपाशी येऊ नकोस. मग मी नाही केला फोन.”

त्या वाक्यात काय होतं ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घराने ते पुष्कळ ऐकलंय. ताईने मात्र मला यातलं कधी सांगितलं नव्हतं. मी थोडा वेळ पक्ष्यांकडे बघत राहिले. तिने भावाला फोन करावा असं मला वाटत होतं का? त्याच्यासाठी तर नव्हतंच वाटत.

“नंबर पाठ आहे?”

तिने मान डोलावली. मी माझा फोन पुढे केला. तिने तो बराच वेळ हातात नुसता धरला. मग एकेक आकडा दाबला, माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

बराच वेळ वाजला असावा. मग तिचे खांदे ताठ झाले.

“हॅलो,” ती म्हणाली. ते ताईसारखं होतं. ती थांबली. “गे वयनी... मी शेवंता.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “शेवंता गे! मुंबयसून बोलतंय. माका वळाखलंस नाय?” आणि मग मोठ्याने, “नाय गे, जिती आसंय मी, जिती आसंय! दादा खंय आसा?”

कॅमेरेवाल्या मुलींनी वळून पाहिलं. शेवंती जेट्टीच्या दगडावर बसली होती आणि बोलत होती, रडत होती, मधेच हसत होती. दादा फोनवर आला की नाही ते मला कळलं नाही. मी दोन पावलं मागे उभी राहून प्रत्येक शब्द ऐकत होते, कुठेतरी एखादा हेल, एखादं ‘गं’, एखादा श्वास सापडतो का बघत. काहीच नव्हतं. ती एक अनोळखी कोकणी बाई होती, आपल्या माणसांशी बोलत असलेली.

ताईला जाऊन अकरा महिने झाले होते. मी त्या दुपारी पहिल्यांदा तिच्यासाठी रडले, तोंडावर हात दाबून, शेवंतीच्या बोलण्यात खंड पडू नये म्हणून.